खात्रीची खिडकी

दवाखान्यात खात्रीची खिडकी उघडली ती मोठ्या डॉक्टरांच्या हौसेखातर. लसींबद्दल जो तो तोंडाला येईल ते बोलतो, आईबाप गोंधळतात आणि डॉक्टरही एकमेकांना चोरून विचारतात. तेव्हा एक तरी जागा अशी हवी जिथे फक्त खरंच बोललं जाईल, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग जाड काच आली, काचेला खाली अर्धगोल भोक आलं, आत माईक आणि बाहेर भोंगा आला. नियम एकच. जे पक्कं ठाऊक आहे ते सांगायचं, पण मग सगळं सांगायचं, आणि नसेल ठाऊक तर ‘विचारून सांगते’ म्हणायचं. काचेमागे बसवलं कुणाला, तर लस टोचायच्या खोलीतल्या सिस्टरना.

खिडकीचा असा काही बोलबाला झाला की विचारू नका. खरं सांगणारी खिडकी म्हटल्यावर लोक लसींवर थोडेच थांबणार! एका गृहस्थांनी विचारलं, सासूबाई रविवारी नक्की जाणार ना? एका बाईने नवऱ्याला दंडाला धरून आणलं आणि चूक कोणाची ते एकदाचं सांगून टाका म्हणून फर्मावलं. सिस्टर सगळ्यांना ‘विचारून सांगते’ म्हणायच्या आणि लोक त्यावरही खूश होऊन जायचे.

डॉक्टर मंडळीही रांगेतून सुटली नाहीत. मोठ्या डॉक्टरांची खोली खिडकीला लागूनच. ते उठून बाहेर पडायचे, अख्ख्या व्हरांड्याला वळसा घालायचे आणि रांगेत उभे राहायचे.

“एका बाळाचा मधला डोस चुकलाय. परत पहिल्यापासून सुरू करायचं का?”

“बहुतेक लसींना नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. पण सर, दारातून डोकावून विचारलं असतंत तरी—”

“दारातून मिळतात त्या गप्पा,” डॉक्टर म्हणाले आणि आभार मानून परत वळसा घालत गेले.

काचेचा आणखी एक गुण होता. तिच्यामागचं माणूस कुणाला ओळखूच यायचं नाही. रोज सलाम ठोकणारा वॉचमन भोकाशी तोंड नेऊन विचारून गेला, “बाई, आमच्या सिस्टर आज आल्यात का?”

इथवर सगळी गंमत. घरी मात्र सिस्टरचा जीव टांगणीला लागला होता. त्या धाकट्या भावाकडे राहायच्या. त्याच्या छकुलीची गोवराची लस राहिली होती आणि मागच्या गल्लीत गोवर आला होता. उठता-बसता सिस्टर भावजयीच्या मागे लागायच्या. भावजय ऐकून घ्यायची, बरं म्हणायची आणि छकुलीला उचलून आत जायची.

एक दिवस जेवताना भाऊ म्हणाला, “ताई, तुमच्या दवाखान्यातल्या त्या खिडकीवर जाऊन आलो. काय बाई आहे गं! विचारावं ते सांगते.”

“अरे गाढवा, ती मीच!”

“तू कशी असशील? ती शांतपणे बोलत होती.”

भावजय हसली नाही. “मीच जाऊन विचारते त्यांना,” एवढंच म्हणाली.

आणि खरंच दुसऱ्या दिवशी छकुलीला कडेवर घेऊन ती रांगेत उभी! सिस्टरनी काचेआडून हात हलवला, तर तिने मागे वळून पाहिलं; मागच्या माणसाला खुणावत असतील, असं तिला वाटलं. छकुली तेवढी काचेकडे झेपावत होती. तिच्याकडे कोण लक्ष देणार?

“नमस्कार मॅडम. गोवराच्या लसीने ताप येतो का?”

‘अगं, किती वेळा सांगू, काही होत नाही!’ सिस्टरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर काच होती आणि काचेला नियम होता.

“येऊ शकतो. तोही लगेच नाही, आठवड्या-दीड आठवड्याने. कधी थोडं पुरळही येतं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतो. तापात झटका फार क्वचित येतो, पण येऊ शकतो. आला तर तडक इथे यायचं.”

“आणि गोवरच झाला तर?”

“मग ताप याहून किती तरी वाईट. न्यूमोनिया होऊ शकतो, मेंदूला सूज येऊ शकते. मूल दगावूही शकतं.”

भोंग्यामुळे ते सगळ्या व्हरांड्याने ऐकलं.

“आमच्या घरी एक आहेत. त्या म्हणतात, काही होत नाही. मागच्या लसीलाही हेच म्हणाल्या. मग पोर तापाने फणफणली. हे गावाला, त्या ड्युटीवर, आणि मी एकटी तिला मांडीवर घेऊन रडत होते. तेव्हा वाटलं, एक तर यांना ठाऊक नाही, नाही तर ठाऊक असून मला सांगावंसं वाटलं नाही.”

सिस्टरना थोबाडीत बसल्यासारखं झालं.

“मॅडम, तुमच्या घरात आहे का लहान मूल?”

‘विचारून सांगते’ म्हणून सुटता आलं असतं.

“आहे. भाची.”

“तिला दिली?”

“नाही.”

रांगेत कुजबुज झाली. तिसऱ्या नंबरवर उभे असलेले मोठे डॉक्टर टाचा उंचावून बघू लागले.

“का नाही?”

“तिच्या आईला मी नीट सांगितलं नाही. तापाचं सांगितलं तर घाबरेल, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मी नर्स, म्हणजे तिने माझं ऐकलंच पाहिजे, असा माझा तोरा होता. चुकलं माझं. मला तिची माफी मागायची आहे.”

“मग, माफी मागायला जाताना खिडकी बंद करणार की काय?” मागून मोठे डॉक्टर काळजीने म्हणाले.

भावजयीने छकुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि वाकून भोकाशी तोंड आणलं.

“ताई, उठा आता तिथून. सुई तुम्हीच टोचायची. आणि पुढच्या आठवड्यात रजा टाका. तिला ताप आला तर या वेळी मी एकटी बसणार नाही.”