जुळलेला आकडा

आकडा जुळला त्या दिवसापासून पद्मजाचं कशात लक्ष लागेना. दुसऱ्या एखादीनं पेढे वाटले असते. ही मात्र लालबागच्या चाळीत, मसाल्याच्या खकाण्यानं शिंकत, गॅलरीत येरझारा घालत होती.

पीएच.डी.चं तिचं काम स्फटिकांवर होतं. त्यातले कण एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, ते इलेक्ट्रॉनांच्या गणितातून संगणकावर काढायचं. पद्धती दोन. पहिलीत प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्यांची सरासरी तेवढी पाहतो. मिठाला ती छान लागू पडली. तिथे धन आणि ऋण भारांची सरळ ओढ असते. पण नॅप्थलीनला, म्हणजे कपाटातल्या डांबराच्या गोळीला लावली की रेणू सुटेच व्हायचे. इलेक्ट्रॉनांच्या क्षणोक्षणीच्या हालचालींतून उपजणारी जी नाजूक ओढ त्यांना धरून ठेवते, ती या हिशेबात नसतेच. दुसरी पद्धत इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर चालायची. ती ओढ तिच्यातही नव्हती. तरी नॅप्थलीनसाठी तिचा आकडा प्रयोगातल्या मोजमापाशी जुळला.

तिचे मार्गदर्शक डॉ. शरच्चंद्र वर्तक गिरगावातले, मोजकं बोलणारे. दुसरीच पद्धत सगळ्या रेणूंच्या स्फटिकांना लावून प्रबंध संपव, असं त्यांनी सांगितलं आणि बंगलोरच्या परिषदेला त्या आकड्यावरचा निबंधही पाठवून दिला. शिष्यवृत्ती संपत आली होती आणि तिच्या घरचं त्यांना ठाऊक होतं.

तिचे वडील दत्ताराम कापडगिरणीच्या विणखात्यात होते. संपानंतर गिरणी सुरू झाली, निम्मी माणसं परत घेतली, यांना बोलावणं आलंच नाही. इतकी वर्षं झाली तरी सकाळी दाढी करून ते गिरणीच्या फाटकाशी जात. वॉचमनची नोकरी चालून आली, ती त्यांनी आपण विणकर आहोत म्हणून नाकारली. आई सुभद्रा मिरच्यांची देठं खुडायला जायची, त्यावर घर चालायचं.

एका संध्याकाळी काय बिनसलंय ते वडिलांनीच विचारलं, तेव्हा तिनं सोप्या शब्दांत सगळं सांगितलं.

"उत्तर बरोबर आलं ना? मग तीच पद्धत घे की."

"का बरोबर आलं ते कळत नाही, बाबा. चुकून आलं असेल तर?"

दत्ताराम खाली रस्त्याकडे पाहत म्हणाले, "धरून बसल्याचं काय होतं ते माझ्याकडे बघ. तू नको बसू गो."

संपाबद्दल ते असं पहिल्यांदाच बोलले होते. 

तरीही संगणकावरची पुढची पाळी मिळाली तेव्हा तिनं तीच पद्धत युरियाच्या स्फटिकाला लावून पाहिली. रेणू भलतेच जवळ ओढले गेले, त्यांना धरून ठेवणारी ऊर्जा मोजमापाच्या कितीतरी वर गेली. पुन्हा केलं, तेच. म्हणजे नॅप्थलीनमध्ये दोन चुकांनी, एक ओढ सुटलेली आणि दुसरी जादा धरलेली, एकमेकींना झाकलं होतं.

ती सरांकडे गेली. मग कसं करणार, त्यांनी विचारलं. पहिलीच पद्धत घ्यायची आणि रेणूंसाठी राहिलेली ओढ वेगळ्या सूत्रानं त्यात मिळवायची, असं ती म्हणाली.

"हे ठिगळ झालं."

"हो, सर. पण कुठे लावलंय ते सांगता येतं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आणखी एक वर्ष जाईल, शिष्यवृत्ती आपल्या हातात नाही, एवढंच म्हणाले. परिषदेतून निबंध त्यांनी स्वतःच मागे घेतला, हे तिला नंतर ऑफिसातून कळलं.

घरी सांगितल्यावर आई नुसती उसासली.  त्या आठवड्यात वडील गिरणीच्या फाटकाशी न जाता परळला गेले आणि एका नव्या इमारतीत वॉचमन म्हणून लागले. खाकी शर्ट खांद्यांत घट्ट व्हायचा. रोज सकाळी ते बटणं लावायला लागले की पद्मजा काहीतरी काम काढून बाहेर जायची. शिकवण्या केल्या, संगणकाच्या पाळ्या मागून घेतल्या, सरांशी दोनदा भांडली.

शेवटी प्रबंध झाला. नॅप्थलीनचा नवा आकडा मोजमापापासून थोडा दूरच राहिला. का, ते तिनं लिहिलं होतं.

पदवी मिळाल्याचं सांगायला ती थेट परळला गेली. वडिलांनी आलेल्या गाडीला फाटक उघडून दिलं, सलाम केला, मग तिच्याकडे वळले. तिनं सांगितलं.

"आता स्वस्थ बसशील?"

ती हसली. खतातल्या अमोनियम नायट्रेटमध्ये मिठासारखे भारही आहेत आणि रेणूंसारखे जुळलेले गटही, त्याला कुठली पद्धत लावायची हे तिला अजून सुचलं नव्हतं. वडिलांनी केबिनमधलं स्टूल तिच्यासाठी बाहेर आणलं, आणि ती त्यावर बसलीच नाही.