ताडपत्रीखालची बस

एसटीतून रिटायर झाल्यावर सोनाजीनं कळमनुरीच्या रस्त्याला घर बांधलं, ते थेट लाल बसच्या आकाराचं. खिडक्यांची रांग, समोर मोठी काच, चढायला लोखंडी दांडी, वर कपाळावर गावाची पाटीसुद्धा. आता घर ते घर, त्याला बस कशाला करायचं? पण सांगतो कोण. येणारेजाणारे गाड्या थांबवून फोटो काढत आणि सोनाजी खूश होई. ताप सगळा त्याच्या बायकोच्या, शालूबाईच्या डोक्याला. गोरेगावचे पाहुणे लेकीला, पुनमला बघायला आले, ते चहा पिता पिता हसतच सुटले. बसमधली पोरगी नको, असा मागून निरोप आला.

आज हट्टा गावचे पाहुणे यायचे होते. हीसुद्धा सोयरीक हातची गेली तर लेकीचं काही खरं न्हाई, या धास्तीनं शालूबाईला घास गिळवत नव्हता. शेवटी तिनं शेजारच्या जमीलभाईकडून हळद झाकायच्या मोठ्या ताडपत्र्या आणवल्या आणि अख्खं घर झाकायला लावलं. कोणी विचारलंच तर रंगकाम काढलंय म्हणायचं, असं बजावलं. शिडी लावून दोऱ्या सोनाजीनंच आवळल्या.

ऊन डोक्यावर आलं, पोहे गार झाले, तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. एक पांढरी जीप तेवढी घरासमोरून गेली, परत आली, पुन्हा गेली. शालूबाईनं कपाळावर हात मारला. अगं बाई, नाक्यावर पत्ता विचारला की लोक बसचं घर असंच सांगणार, आणि इथं बस कुठंय? तिनं सोनाजीला रस्त्यावर पिटाळलं.

जीपमधून मुलाची आई, रूपाबाई उतरली. रंगकामाचं तिनं ऐकून घेतलं, ताडपत्रीचं टोक उचलून पाहिलं. रंगाचा वास कुठंच नव्हता.

"घर झाकलं तुमी," ती म्हणाली. "पोरीचं काय काय झाकलं आसल, ते आमी कसं वळखावं?"

आता पुन्हा खोटं बोललं तर सोयरीक गेलीच, हे शालूबाईनं ओळखलं.

"पोरीचं काहीच न्हाई झाकलं, बाई. मला या घराची लाज वाटती. लोक हसतेत."

रूपाबाईनं तिच्याकडं रोखून बघितलं. मग पदर खोचला, दांडी धरून पायरी चढली आणि पोरीला बोलवा म्हणाली. आवाज मऊ होता. जमणार होतं. शालूबाईच्या जिवात जीव आला.

मग तिच्या ध्यानात आलं, सोनाजी मागंच उभा होता. तो गुमान दोऱ्या सोडायला लागला, आणि शालूबाईला मान वर करवेना.