आयुष्यभर मोफत, असं माझ्या अंगावर लिहिलं होतं

मी एक जुना फ्लेक्स आहे. एका बँकेला मी एकट्यानं आडवं पाडलं, हे तुम्हाला पटायचं नाही, मित्रांनो. मला बांधणाऱ्या दोरीलाही अजून पटलेलं नाही. तरी सांगतो.

माझा जन्म छापखान्यातला. अंगावर हसरं जोडपं आणि हातभर अक्षरं : 'क्रेडिट कार्ड. आयुष्यभर मोफत.' चौकात झळकलो तेव्हा काय माझा रुबाब! मला बघून एका बसचालकानं भर रस्त्यात बस उभी करून कार्डाचा अर्ज भरला.

चौकातल्या इस्त्रीवाल्या मावशींनीही मला वाचून कार्ड घेतलं. पुढे योजना संपली आणि बँकेचा माणूस मला उतरवायला आला.

"दादा, टाकूनच देणार असाल तर मला द्या," मावशी म्हणाल्या. "डोक्यावर सावली तरी होईल."

त्यानं मला स्वतः त्यांच्या टपरीवर बांधून दिलं, अक्षरं आतल्या बाजूला. भला माणूस. त्यामुळे माझा रंग टिकला.

दुसऱ्या वर्षी बँकेनं कार्डाची फी लावली. मोफतची कसली फी, म्हणून मावशींनी ती भरली नाही. मग त्यांचं नाव थकबाकीदारांत गेलं आणि लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचं कर्ज अडलं. बँकेतले साहेब म्हणाले, "बाई, मोफत पहिलं वर्षच. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं."

मावशी तडक टपरीवर आल्या. "वाच गं, कुठं लिहिलंय ते."

लेकीनं स्टुलावर चढून मला इंच इंच वाचलं. नळी घालण्यासाठी माझी खालची कड दुमडून शिवली होती. ती तिनं उसवली. आत मुंगीएवढी ओळ दडून बसली होती : 'सवलत पहिल्या वर्षापुरती.'

मग ग्राहक न्यायालय. मी ऐटीत गेलो. उलगडलो तर भिंत पुरेना. बँकेचे वकील माझ्याखाली असे गडप झाले की नुसता आवाज येत होता, "माझी हरकत आहे." न्यायाधीशबाई शिडी लावून माझी कड वाचायला चढल्या आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, ही ओळ वाचायला गिऱ्हाइकानं घरून कात्री आणायची होती का?"

फी रद्द झाली, मावशींचं नाव यादीतून निघालं, लेकीचं कर्ज मंजूर झालं. न्यायाधीशबाईंनी जाताना स्वतःच्या हातानं माझी घडी घातली.

म्हणून सांगतो मित्रांनो, जाहिरात कितीही गोड हसली तरी तिची कड उलटून बघा. आणि आम्हा म्हाताऱ्यांना फार ताणून बांधू नका. न्यायालयात एवढा वेळ उभं राहून माझी पाठ...

"पुरे झाल्या थापा," खालून मावशींची लेक म्हणाली. ती नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत कामावर निघाली होती. "तू कधी गेलास रे न्यायालयात? तुझी कापलेली पट्टी आणि एक फोटो, एवढंच मी पिशवीतून नेलं होतं. तुला सोडलंच नाही इथून. आईला ऊन लागलं असतं."