सावंतांचं मेडल

वरदाने मार्चमध्ये सिक्स्थ फॉर्म, म्हणजे इंग्लंडमधली अकरावी-बारावी, सोडलं. सोडलं म्हणजे काय, हिस्ट्रीच्या टीचरच्या अंगावर फोल्डर फेकला, बॅग उचलली आणि जी निघाली ती परत गेलीच नाही. तेव्हापासून घरातलं प्रत्येक फालतू काम तिच्या गळ्यात. कचऱ्याचा बिन बाहेर काढ, पार्सल घे, आजोबांच्या गोळ्या आण. ‘तू घरीच असतेस ना’ हे वाक्य आई दिवसातून चारदा म्हणायची आणि चारही वेळा वरदाचं डोकं सणकायचं.

त्या शनिवारी काम आलं मेडलचं.

हॉलमध्ये पणजोबांचा फोटो होता. विठोबा निकम, इंग्रजांच्या फौजेतले शिपाई, दुसऱ्या महायुद्धातले. खुर्चीत बसलेले, कोटावर मेडल. फोटोशेजारी एका छोट्या फ्रेममध्ये तेच मेडल. मार्चमध्ये आजोबांनी त्या फ्रेमकडेच बोट दाखवलं होतं. ‘हा माणूस गोळ्यांसमोरून पळाला नाही आणि तू एका फोल्डरवरून पळालीस.’ ते वाक्य वरदाच्या घशात अजून काट्यासारखं अडकलेलं होतं.

तर यंदा रिमेम्ब्रन्स संडेला, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या रविवारी, स्लाऊच्या वॉर मेमोरियलवर रीथ, म्हणजे लाल पॉपीच्या फुलांचा गोल हार, ठेवायचा मान पहिल्यांदाच मराठी मंडळाला मिळाला होता. मंडळाने तो आजोबांना दिला. शिपायाचा मुलगा म्हणून. आठवडाभर आजोबा बाथरूमचं दार लावून कसलं तरी भाषण पाठ करत होते.

“वरदा, हे जरा चमकव,” आजोबांनी मेडल तिच्या हातात दिलं. “पुढून-मागूनच पूस हं. कडेला घासू नकोस.”

“का?”

“सांगतो उद्या.”

एखादी गोष्ट करू नकोस म्हटलं की वरदा ती आधी करायची. तिने पितांबरी घेतली, जुना टूथब्रश घेतला आणि कडेपासूनच सुरुवात केली. कडेवर काळा रंग बसला होता. मळ नव्हता तो, कुणीतरी मुद्दाम भरलेला रंग होता. दहा मिनिटं घासल्यावर खालून बारीक इंग्लिश अक्षरं वर आली. आधी एक नंबर. मग के. सावंत.

तिने फोनवर शोधलं. इंग्रजांच्या काळातल्या आपल्या फौजेतल्या मेडल्सच्या कडेवर ज्याचं मेडल त्याचं नाव कोरलेलं असायचं. म्हणजे हे पणजोबांचं नव्हतंच. आणि आजोबांना ते माहीत होतं.

तिने मेडल पुसून टेबलावर ठेवलं आणि रात्रभर आतल्या आत उकळत राहिली.

रविवारी आईची हॉस्पिटलमध्ये शिफ्ट होती, म्हणून आजोबांना घेऊन वरदाच बसने गेली. कडाक्याची थंडी. मेमोरियलपाशी कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, माणसं, फौजी बेरेट टोप्या घातलेले म्हातारे, स्काउटची पोरं आणि एका बाजूला आपलं मंडळ. आजोबांनी मेडल उजव्या बाजूला लावलं होतं. वडिलांचं असलं की उजवीकडे लावतात, तशी इथली पद्धत.

मंडळाच्या सेक्रेटरी स्वरालीकाकू पुढे आल्या. आल्या त्या थेट वरदाकडे वळल्या.

“काय गं, अजून घरीच का? आजोबांकडून शिक काहीतरी. निकमांच्या घरात काही अर्धवट सोडायची पद्धत नाही. हो की नाही काका?”

आजोबा नुसते हसले. कसनुसं हसले खरं तर, पण वरदाला ते हसूच दिसलं.

“ते मेडल चोरीचं आहे,” ती म्हणाली. इंग्लिशमध्ये, मोठ्याने, सगळ्यांना कळावं म्हणून. “कडेवरचं नाव वाचा. सावंत. पणजोबांचं नाहीच ते. हा माणूस सगळ्यांना फसवतोय.”

बेरेटवाले दोन म्हातारे वळून बघायला लागले. स्वरालीकाकूंचं तोंड उघडंच राहिलं. आजोबांचा हात मेडलवर गेला आणि तिथेच थांबला.

तेवढ्यात अकरा वाजले. बिगूल वाजलं आणि दोन मिनिटांची शांतता सुरू झाली.

आता बोलायचं नाही, हलायचं नाही. वरदाने फेकलेलं वाक्य हवेत तसंच लटकलं. ‘म्हातारा खोटं बोलतोय’ असं कुणी म्हणेना, ‘पोरगी खोटं बोलतेय’ असंही म्हणेना. आजोबांच्या नाकातून पाणी आलं, पण शांतता होती म्हणून त्यांनी रुमालसुद्धा काढला नाही. ती दोन मिनिटं संपता संपेनात.

मग कौन्सिलच्या माणसाने यादीतून पुकारलं, “मिस्टर निकॅम.”

आजोबा जागचे हलले नाहीत. त्यांनी पॉपींचा तो गोल हार वरदाच्या हातात दिला. “तू ठेव. माझे पाय चालेनात.”

ती गेली. पायरीवर गुडघा टेकला तेव्हा हाराला बांधलेलं कार्ड दिसलं. कालपासून ते घरात टेबलावर पडलेलं होतं, पण मराठीत होतं म्हणून तिने ढुंकूनही बघितलं नव्हतं. तिला मराठी वाचायला वेळ लागायचा. मागे सगळे ताटकळत उभे आणि ती एकेक अक्षर लावत बसली.

‘शिपाई सावंत यांस. तुमचं मेडल पन्नास वर्षं माझ्याकडे आहे. ते माझ्या वडिलांचं नाही. माफी असावी. जयंत विठोबा निकम.’

परत येताना तिला कुणाकडेच बघवेना.

मंडळाच्या चहाला ते थांबले नाहीत. बसस्टॉपच्या बाकावर आजोबांनी मेडल काढून खिशात टाकलं.

“सावंत कोणाचा नाव आहे?” वरदाने विचारलं. ‘कोणाचं’ असं त्यांनी नेहमीसारखं सुधारलं नाही.

“मला माहीत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलं. माझं लग्न ठरलं होतं.”

“मग पणजोबांचं कुठे गेलं?”

“काढून घेतलं.” ते रस्त्याकडे बघत बोलत होते. “लढाई संपली होती गं. जपान हरलं, सगळे घरी जायची वाट बघत होते. तर माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या पलटणीला इंडोनेशियात, जावा बेटावर पाठवलं. कशाला, तर डचांना त्यांचं राज्य परत मिळवून द्यायला. इंग्रजांचं स्वतःचंच राज्य खचलेलं, आणि दुसऱ्याचं सावरायला माणसं आपली. एका गावात दोन शिपाई मारले गेले. साहेब म्हणाला, गाव जाळा. आप्पांच्या हातात रॉकेलचा डबा दिला.”

“मग?”

“त्यांनी तो साहेबाच्या बुटांवर ओतला.”

वरदाच्या तोंडून हसू फुटणार होतं, ते तिथेच थिजलं.

“एक वर्ष जेल. मेडल नाही, पेन्शन नाही. आमच्या गावात घरटी एक शिपाई. प्रत्येक घरात फोटो, फोटोत मेडल. आमच्याकडे नुसती भिंत. मी शाळेत निघालो की पोरं ओरडायची, ‘रॉकेल आलं रे!’ मला लाज वाटायची आप्पांची. लग्नाच्या फोटोच्या वेळी मीच ते मेडल आप्पांच्या कोटाला टोचलं. ते एक शब्द बोलले नाहीत.”

हॉलमधला फोटो वरदाच्या डोळ्यांसमोर आला. पणजोबांचा हात छातीपाशी अर्धवट वर गेलेला. कोट नीट करतायत, असं तिला लहानपणापासून वाटायचं. ते मेडल झाकत होते.

“आजोबा, ओरडा ना माझ्यावर.”

“कशाला? खरं तेच बोललीस. आज चहाच्या वेळी मी उठून सगळ्यांना सांगणार होतो. कार्ड वाचून दाखवणार होतो. आप्पांबद्दलही बोलणार होतो. पाठ केलं होतं गं.” त्यांनी खिशातलं मेडल चाचपलं. “आता काय बोलणार? पकडला गेला म्हणून बोलतोय, म्हणतील.”

बस आली. बसल्यावर ते म्हणाले, “तुझा राग आप्पांचा आहे. माझ्यात नाही आला तो.”

त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं असणार. पण वरदाला सारखे साहेबाचे ते बूट दिसत राहिले. आणि मग रुमालही न काढता उभा असलेला पंचाहत्तर वर्षांचा माणूस.

संध्याकाळी मीनल, म्हणजे वरदाची आई, युनिफॉर्मवरच सोफ्यावर टेकली. “कसं झालं बाबा? भाषण?”

“छान झालं,” आजोबा म्हणाले. “रीथ वरदाने ठेवला.”

“खरंच?” आईने वरदाचा गाल ओढला. “बघ, फर्स्ट टाइम काहीतरी शेवटपर्यंत केलंस!”

आजोबांनी वरदाकडे बघून हलकेच मान हलवली. जाऊ दे, असं. मेडलची फ्रेम रिकामी होती, आईचं अजून तिकडे लक्ष गेलं नव्हतं. उद्या स्वरालीकाकूंचा फोन येणारच होता, पण आजची रात्र तरी सुटत होती.

वरदा उठली. तिने भिंतीवरचा फोटो काढला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

“आई, असं नाही झालं,” ती म्हणाली. “ह्यांचा हात बघ आधी. मग मी काय केलं ते सांगते.”