टोकाचा नळ

आमच्या घरात पाण्याला नावं ठेवलेली चालत नाहीत. तसा नियम कुणी भिंतीवर लावलेला नाही, पण माझे बाबा गावाला पाणी सोडतात, आणि तेही बावीस वर्षं. टाकीत क्लोरीनची पावडर घालायची, व्हॉल्व्ह फिरवायचे, नळाला आलेलं पाणी तपासायचं आणि रजिस्टरात आकडा लिहून सही करायची, ही त्यांची कामं. रस्त्यात कुणी "काय, पाणी कसंय?" असं विचारलं, तर बाबा घरातल्या माणसाची तब्येत सांगावी तसं उत्तर देतात. "आज जरा गढूळ होतं, आता बरंय."

तपासणी अगदी सोपी आहे. बोटाएवढी काचेची नळी, तिच्यात खुणेपर्यंत पाणी, वरून औषधाचे पाच थेंब. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळं होतं, नसेल तर जसंच्या तसं राहतं. म्हणजे आमच्याकडे पिवळं पाणी पास आणि काचेसारखं नितळ पाणी नापास. पिवळा किती गडद आहे ते तपासणीच्या पेटीवरच्या रंगांच्या पट्टीशी लावून बघायचं आणि आकडा काढायचा. पॉइंट दोन आला तरी बाबा खूश असतात.

त्यांचा हट्ट एकच. रोज दोन नळ तपासायचे, एक टाकीजवळचा आणि एक गावातला सगळ्यात शेवटचा. शेवटचा नळ म्हणजे चढावरच्या गल्लीतला माझ्या आत्याचा. "टोकाला पोचलं म्हणजे सगळ्यांना पोचलं," असं बाबा म्हणतात. त्यासाठी ते रोज सकाळी तो चढ चढायचे आणि आत्याच्या हातचा चहा घेऊन उतरायचे.

गेल्या महिन्यात टाकीच्या जिन्यावरून पाय घसरला आणि त्यांचा गुडघा सुजला. सपाटीवर चालायचे, पण चढ जमेना. मी लगेच म्हटलं, "टोकाचा नळ माझ्याकडे. शाळेच्या वाटेवरच तर आहे."

त्या महिन्यात मी हवेतच होते. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. मी, जी हजेरीला "हजर" म्हणाले की बाई दोनदा विचारायच्या. एकदा आवाज फुटला तो थांबेचना. दुकानात बोलायचे, बसमध्ये बोलायचे, जेवताना तर बोलायचेच. आई बाबांना म्हणाली, "साऱ्या गावाचं पाणी बंद करता, आता हिचा व्हॉल्व्ह कुठे आहे तेवढा शोधा."

बाबांनी पेटी माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. "नळ आधी मिनिटभर वाहू द्यायचा. मग नळी धरायची. समजलं?"

"बाबा, हे मला पाचवीत असल्यापासून पाठ आहे."

पहिले दोन दिवस मी सगळं तसंच केलं. पॉइंट दोन, पॉइंट दोन. आत्याच्या शेजारची पिटुकली, चार वर्षांची, पायरीवर बसून बघायची. पाणी पिवळं झालं की टाळ्या वाजवायची. तिच्या मते मी जादूगार होते, आणि मला तेव्हा ते पटतही होतं.

तिसऱ्या दिवशी मला उठायला उशीर झाला. चढावरचं पाणी पावणेसातला जातं. मी धापा टाकत पोचले तेव्हा सात वाजले होते आणि नळ नुसता फुसफुसत होता.

"आता गं?" मी म्हटलं.

"आता काय?" आत्याने स्वयंपाकघरातल्या पिंपाचं झाकण उचललं. "घे यातलं. सकाळीच भरलंय. नळाचंच आहे, आकाशातून नाही पडलं."

मी पिंपातलं घेतलं. छान गडद पिवळं झालं. पॉइंट आठ.

बाबा ऐकून थांबलेच. "टोकाला पॉइंट आठ? काल दोन होतं."

"आज आठ आहे."

"पट्टीला लावून बघितलंस?"

"लावून बघितलं."

"नळ वाहू दिला होतास मिनिटभर?"

"हो, बाबा." इतकं सहज निघून गेलं तोंडातून. मी वर म्हटलं, "शंका असेल तर तुम्हीच चढा." तेही हसले, मीही हसले.

मग ते रोजचंच झालं. सातला पोचायचं, आत्या पिंपातलं पाणी पेल्यात काढून तयार ठेवायची, पिटुकली टाळ्या वाजवायची, मी आकडा घेऊन शाळेत पळायचे आणि वाटेत बाबांना फोन करायचे. आठ. आठ. एकदा तर पूर्ण एक. टाकीजवळची माणसं आधीच पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून कुरकुरत होती. आठवडाभर बाबांनी कळ काढली. मग एका संध्याकाळी पायाला शेक घेत स्वतःशीच म्हणाले, "टोकाला जर एवढं शिल्लक राहतंय, तर आपण जास्तच घालतोय." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टाकीत पाचऐवजी तीन मापं पावडर घालायला सुरुवात केली.

मी तिथेच बसून गृहपाठ करत होते. माझ्यामुळे गावाचा कारभार बदलला म्हणून मला केवढा अभिमान वाटला होता, ते आता लिहायलाही नको वाटतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत चढावरच्या गल्लीतली मुलं आजारी पडायला लागली. माझ्या बाकावरची मैत्रीण तिथलीच, ती चार दिवस आली नाही. जुलाब. मग तिचा धाकटा भाऊ. कुणी म्हणालं, शाळेबाहेर बर्फाच्या कांड्या विकतात त्याने झालं. कुणी म्हणालं, उन्हाने. पाण्याचा विषय निघाला की गल्लीतली माणसंच म्हणायची, "पाणी नाही हो. पाण्यावर त्यांचं रोज लक्ष असतं." आणि मग गुरुवारी पिटुकलीला सलाइन लावलं.

शुक्रवारी मी लवकर उठले. शाळेआधी दवाखान्यात जाऊन तिला बघायचं होतं, म्हणून तपासणी आधी उरकावी असं ठरवलं. साडेसहाला आत्याकडे पोचले तर नळाला चांगली धार होती. किती दिवसांनी. म्हटलं, आज रीतसर करू. मिनिटभर वाहू दिलं, साठ आकडे मोजले, नळी धरली, पाच थेंब टाकले, हलवली.

काही झालं नाही.

पायरीवर कुणी नव्हतं. मी आणखी दोन थेंब टाकले. पाणी नुसतं बघत राहिलं माझ्याकडे. मला वाटलं औषध खराब झालं. आत जाऊन पिंपातलं पाणी घेतलं, त्याच बाटलीतले पाच थेंब टाकले. गडद पिवळं.

दोन्ही नळ्या हातात धरून मी आत्यासमोर उभी राहिले. "आत्या, पिंपात काय टाकतेस तू?"

आत्या कप विसळत होती. तिने नळ बंद केला. "कुठे काय?"

"आत्या."

"नर्सबाईंनी बाटली दिली होती मागे, क्लोरीनची. त्यातले टाकते थोडे." तिने हात पुसले, परत पुसले. "सुरुवातीच्या पाण्याला घाण वास यायला लागला होता गं. तीन आठवडे झाले असतील. पहिल्या बादलीला यायचा, मग जायचा."

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"दादाच्या पाण्याला मी नावं ठेवू? त्याची बहीण? त्याचा पाय दुखावलेला, त्यात ही भर कशाला. आणि म्हटलं, तुझी नळी पिवळी होतेय ना, म्हणजे सगळं ठीकच असणार."

"माझी नळी तुझ्या औषधाने पिवळी होत होती."

आत्या स्टुलावर बसली. मग हळूच म्हणाली, "पिटुकलीच्या आईने विचारलं होतं मला, तुमच्याकडे वास येतो का हो. मी म्हटलं, छे. माझ्या भावाचं पाणी आहे, डोळे झाकून प्या."

मी फोन काढला आणि परत ठेवला. हे फोनवर सांगता येणार नव्हतं. पिंपातलं पाणी मी घेतलं होतं. "हो, बाबा" मीच म्हटलं होतं. आत्या "मी येते तुझ्याबरोबर" म्हणत चपला शोधत होती, तोवर मी उतारावरून धावत सुटले.

पाणीपुरवठ्याच्या खोलीत बाबा एकटे नव्हते. गल्लीतली आजारपणं वरपर्यंत पोचली होती, त्यामुळे नगरपालिकेचे साहेब सकाळीच आले होते. टेबलावर रजिस्टर उघडं होतं आणि बाबा उभे राहून पानावर बोट फिरवत होते.

"हे बघा, साहेब. टोकाचा नळ. आठ, आठ, सात, आठ. मापं कमी केल्यावरसुद्धा. टोकाला इतकं असल्यावर पाण्यात काही जगेल का?"

"मग पाणी नाही म्हणता?"

"पाणी नाही. मी लिहून देतो."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "मग तसा शेरा मारतो. उगाच पाणी बंद करून बोंब व्हायला नको. त्या कांड्यावाल्याकडेच बघतो जरा."

मी दारात होते. बाबांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ही बघा आली. ही माझी मुलगी, हीच तपासते. काल स्पर्धेचं बक्षीस, आज पाणी. काय गं, आजचा आकडा?"

साहेब जाईपर्यंत गप्प राहता आलं असतं. नंतर बाबांना एकट्याला सांगितलं असतं, त्यांनी काहीतरी केलं असतं. पण साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं, आणि शेरा पडला की चढावरची गल्ली आजही तेच पाणी पिणार होती. उद्याही.

"शून्य," मी म्हटलं. आवाज जुनाच निघाला, हजेरीचा. म्हणून परत म्हटलं, "शून्य आहे. आणि आधीचे सगळे आकडे खोटे आहेत. मी नळाचं पाणी घेतच नव्हते, आत्याच्या पिंपातलं घेत होते. त्यात आत्या औषध टाकते. आज कळलं मला. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं होतं, नळ वाहू दिला म्हणून."

भाषणात मी कधी इतकं कमी बोलले नव्हते.

साहेबांनी बाबांकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही हिच्या आकड्यावर औषध कमी केलंत?"

"हो," बाबा म्हणाले.

"शाळेतल्या मुलीच्या?"

"हो. सही माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रजिस्टर स्वतःकडे ओढलं, तांबडं पेन घेतलं आणि एकोणीस दिवसांच्या आकड्यांवर एकेक करून रेघ मारली. खोडून टाकायची रेघ नव्हती ती, खालचा आकडा वाचता येत होता. प्रत्येकीपुढे सही केली. मग त्यांनी चढावरच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करायला माणूस पाठवला, साहेबांना टँकर मागितला आणि म्हणाले, "पाइप गटाराजवळ कुठेतरी फुटलाय. पाणी बंद असताना घाण आत ओढली जाते. पाच मापं होती तोवर कसंबसं निभत होतं. आपण तीन केली."

आपण, म्हणाले.

मग कपाटावरचा हातात धरून बोलायचा कर्णा काढून माझ्यासमोर ठेवला. "चढावर दारोदार सांगायला पाहिजे. साठवलेलं पाणी ओतून द्या, उकळल्याशिवाय थेंब घेऊ नका. माझा पाय पोचायला दुपार होईल."

"मी जाते."

"का ते विचारतील."

"सांगेन."

मी सांगितलं. कर्ण्यावरून आधी पाण्याचं, आणि कुणी दार उघडून विचारलं तर बाकीचं. माझ्या मैत्रिणीची आजी म्हणाली, "पोरी, इतकं बोलतेस आणि एवढं एकच बोलली नाहीस." एका काकांनी बादली माझ्या पायाशीच ओतली. आत्या माझ्यामागे घरोघर फिरत होती आणि प्रत्येक दारात म्हणत होती, "वास येत होता. मीच दडवलं." पिटुकलीची आई कपडे न्यायला घरी आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पिशवीचे बंद बांधले आणि दार लावून दवाखान्यात निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाइप दुसऱ्या दिवशी सापडला, गल्लीच्या कोपऱ्यावर, गटाराच्या अगदी खाली. सांधा सुटला होता. बाबांना नोटीस आली आहे. साहेब काय ठरवतात ते अजून कळलेलं नाही, आणि घरात त्यावर कुणी बोलत नाही. आईने व्हॉल्व्हचा विनोद परत केलेला नाही.

तपासणीला आता आम्ही दोघं जातो. बाबा चढावर तीनदा थांबतात. पेटी त्यांच्याकडे असते, नळी माझ्याकडे. हे वाटप त्यांनीच केलं, मी विचारलं नाही.

आज आम्ही आत्याच्या दारातून बाहेर पडलो तर शेजारचं दार उघडं होतं. पिटुकलीची आई नळापाशी उभी होती. पिटुकली कालच घरी आली होती. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. एवढीशी झाली होती, आणि माझ्याकडे बघून हसली नाही.

"माझ्या नळाचं बघ," तिची आई म्हणाली. "रोज माझ्याही नळाचं बघायचं. आणि आधी वाहू दे. मी उभी आहे."

मी नळ सोडला. ती ओठ हलवत आकडे मोजत होती. साठ झाल्यावर तिने मान हलवली, मग मी नळी धरली. बाबांनी पाच थेंब टाकले. पाणी हळूहळू पिवळं झालं, अगदी फिकं. मी नळी पट्टीला लावली.

"पॉइंट दोन."

"इकडे दे," ती म्हणाली. नळी माझ्या हातातून घेऊन तिने दारातल्या उजेडात धरली, पट्टीला लावली, उचलली, परत लावली. आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो.