गाळून दिलेले निरोप

दोघा सख्ख्या भावांचं सुतारकामाचं दुकान एक, वरचं राहतं घर एक, जेवायची वेळसुद्धा एक. नव्हतं ते फक्त बोलणं. थोरला दाराशी रंधा मारायचा, धाकटा आतल्या अंगाला चक्री करवतीवर फळ्या चिरायचा, आणि मधल्या दोन हातांच्या जागेतून एक शब्द म्हणून इकडचा तिकडे जात नव्हता. जायचा तो जिन्याच्या वाटेने. थोरल्याची बायको वर स्वयंपाकात असायची. खालून हाक आली की हात पुसत उतरायची, एकाचं ऐकायची आणि चार पावलं चालून दुसऱ्याला सांगायची. तो दुसरा तिथेच उभा असायचा, त्याचे कानही शाबूत असायचे. पण यंत्राचा आवाज असायचा, आणि नसला तरी ऐकलं नाही असं दाखवायची दोघांचीही रीत पडून गेली होती.

भांडण बापाच्या मरणावरून झालेलं. बाप दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत होता तेव्हा थोरला एका गिऱ्हाईकाकडे दाराची चौकट बसवत होता. ओल्या भिंतीत चौकट अर्धी सोडून येता येत नाही. तो पोचला तोवर बाप गेला होता. धाकटा सगळ्यांदेखत म्हणाला, "बाप मेला तरी याचा रंधा थांबला नाही." थोरल्याने त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि तोंड शिवलं ते शिवलंच.

तेव्हापासून घर चालवलं ते थोरलीने, असं गल्लीत सगळे म्हणत. ते खोटंही नव्हतं. ती एकदा माहेरी गेली तर दोघांनी एका गिऱ्हाईकालाच मध्ये उभं केलं. "सांगा यांना, फळीचं ते टोक धरा." "सांगा त्यांना, धरलंय, डोळे उघडा." बिचारा टेबल बघायला आला होता, तो टेबल न बघताच पळाला. हा किस्सा सांगून लोक पोट धरून हसत आणि थोरलीला म्हणत, "तुम्ही आहात म्हणून हे दोघे एका छपराखाली आहेत हो."

तिची एक हातोटी होती. निरोप जसा यायचा तसा ती कधीच पुढे द्यायची नाही. थोरला म्हणायचा, "सांग त्या गाढवाला, बिजागरी उलटी बसवलीय." ती आत जाऊन म्हणायची, "भावजी, त्या बिजागरीकडे एकदा बघून घेता का?" धाकटा गुरगुरायचा, "आधी स्वतःच्या नाकावर चष्मा चढवा म्हणावं." ती बाहेर येऊन म्हणायची, "बघतो म्हणाले." चहा गाळावा तसे ती शब्द गाळायची, चोथा आपल्याकडे ठेवायची. त्या चोथ्याची कडू चव तिच्याच जिभेवर राहायची, पण तिला त्याचं ओझं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर अभिमानच वाटायचा. माणसं एकत्र राहतात ती कुणीतरी गिळून घेतं म्हणून, असं ती धाकट्या जावेला सांगायची. धाकटी मान हलवायची.

त्या दिवशी सकाळी धाकट्याच्या मुलीला नोकरी लागल्याचा फोन आला होता. धाकटा शीळ घालत खाली उतरला. कितीतरी दिवसांनी त्या दुकानात शीळ ऐकू आली. थोरला माप घ्यायला बाहेर निघाला होता. निघता निघता त्याची नजर करवतीवर गेली. आदल्या दिवशी धाकट्याने पातं बदललं होतं आणि वरचं झाकण परत बसवलं होतं. थोरल्याने झाकणाला बोट लावलं तर ते हललं. बोल्टचे आटे झिजले होते. धाकटा मागच्या बाजूला फळ्या काढत होता. थोरल्याने जिन्याशी येऊन बायकोला हाक मारली.

"सांग त्या आंधळ्याला, पात्याचं झाकण ढिलं बसवलंय. येताना मी नवा बोल्ट आणतो. तोवर यंत्राला हात लावायचा नाही. आणि म्हणावं, लोकांच्या रंध्याकडे बघायला डोळे आहेत, स्वतःच्या कामाकडे बघायला नाहीत."

ते शेवटचं पुढे नेण्यासारखं नव्हतं. रंध्याचं नाव निघालं की धाकटा दिवसच्या दिवस धुमसायचा, जेवणाचं ताट सरकवायचा. आणि आज तर तो शीळ घालत होता. झाकणाचं काढलं तर 'तूच ढिलं बसवलंस' हे आलंच, आणि ते आलं की पुढचं सगळं आलं. ती मागच्या दाराशी गेली.

"भावजी, ते म्हणतात, आज यंत्र जरा जपून."

"रोज जपूनच असतो," धाकटा हसून म्हणाला. "वहिनी, आज चहात साखर जास्त घाला. पोरगी साहेबीण झाली!"

"घालते की!" तीही हसली. चहा देताना हळूच झाकणाचं सांगू, असं मनाशी ठरवून ती वर गेली. तिने दूध तापायला ठेवलं तोच खाली करवत सुरू झाल्याचा आवाज आला. ती जिन्याकडे वळली. दुसऱ्या पायरीवर असतानाच करवतीचा सूर बदलला. झाकण पात्यावर आदळलं होतं. फळी उसळली आणि तिच्यामागोमाग धाकट्याचा उजवा हात पात्यावर गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं, अंगठा वाचवलाय, बोटं नाही वाचवता आली. धाकटी भिंतीला टेकून खाली बसली. थोरला धावत आला तेव्हा त्याच्या खिशात नवा बोल्ट होता. त्याने तो काढून हातात धरला, जणू कुणाला तरी दाखवायचा आहे.

"झाकण ढिलंय म्हणून बजावलं होतं मी," तो धाकटीला म्हणाला. "हात लावू नको म्हटलं होतं. पण माझं ऐकायचं नाही म्हणजे नाही! हात गेला तरी चालेल!"

धाकटी उठून आत गेली. थोरलीही तिच्यामागून गेली. खाटेवर धाकटा छताकडे बघत पडला होता. बायकोने सांगितलेलं ऐकून त्याने मान वळवली. "झाकणाचं? झाकणाचं कुणी अवाक्षर काढलं नाही. जपून काम कर म्हणाले, एवढंच. वहिनी, तुम्हीच होतात ना मध्ये? माझा हात गेला आणि हा माणूस आता स्वतःला वाचवायला खोटं बोलतोय. सांगा त्यांना, मी इथून सुटलो की त्या घरात पाऊल ठेवणार नाही. एवढा खोटारडा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही म्हणावं."

थोरली बाहेर आली. थोरला वाटच बघत होता. "काय म्हणतो?"

सवयीने तोंड उघडलं होतं. 'बरं वाटतंय म्हणाले' हे वाक्य जिभेवर तयारच होतं. तिला कळत होतं, दोघांपैकी एकाच्याही मनात तिच्याविषयी शंका यायची नाही. हा त्याला हट्टी समजेल, तो याला खोटारडा समजेल, घर दुभंगेल. पण ती दोघांनाही हवीहवीशी राहील. तिने फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते तर तिला फार चांगलं जमत होतं.

"तुम्ही खोटारडे आहात म्हणाले," ती म्हणाली. "पण तुम्ही खोटारडे नाही. मी झाकणाचं सांगितलंच नाही त्यांना."

थोरल्याला आधी कळलंच नाही. "सांगितलं नाहीस म्हणजे?"

"जपून एवढंच म्हटलं. भांडण नको म्हणून. चहाच्या वेळी सांगणार होते."

धाकटी दारात उभी होती. ती ओरडली नाही. तिने जावेकडे असं पाहिलं की ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "आणि दादा, तुम्हाला तोंड नव्हतं? चार पावलांवर होता तुमचा भाऊ. चार शब्द स्वतः बोलला असतात तर झिजला असतात का?" थोरला हातातला बोल्ट नुसता फिरवत राहिला.

धाकटा घरी आला. गेला असता तरी कुठे? उजवा हात गेलेल्या सुताराला घर सोडायला दुसरं घर लागतं. आता भाऊ एकमेकांशी बोलायला लागले, कारण मधल्या माणसावर भरवसा उरला नव्हता. "गाढवा, डाव्या हाताने असं नाही धरायचं." "तुम्ही गप्प बसा, मला शिकवू नका." "मग मोडून घे तो पण हात!" थोरली वर उभी राहून ऐकायची. जे शब्द तिने वर्षानुवर्षं गिळले होते तेच हे. उघड्यावर बोलले जात होते, आणि घर कोसळत नव्हतं. दोघे भांडून झाल्यावर एकाच ताटातली मिरची उचलत होते.

एका सुट्टीच्या दुपारी थोरल्याने तिला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. "आणखी काय काय गाळलंस आजवर?"

"किती सांगू? शिव्याच होत्या सगळ्या."

"सगळ्या?"

तिला आठवायला वेळ लागला नाही. ती गोष्ट मनातून कधी गेलीच नव्हती, फक्त तिच्याकडे बघायचं तिने टाळलं होतं. बाप गेल्याच्या पुढच्या वर्षीची ती गोष्ट. धाकटा जिन्याखाली येऊन म्हणाला होता, "वहिनी, त्या दगडाला सांगा, मी बापाच्या वेळी बोललो ते रागात बोललो. चुकलं माझं. पण दगडालाही पाझर फुटतो म्हणावं." तिला त्यातला दगड तेवढा टोचला. थोरला आधीच तापलेला होता. दगड म्हटलेलं ऐकून तो आणखी भडकेल असं वाटलं. माफी वेगळी काढून देता आली असती. पण ती देताना मागचं सगळं निघालं असतं, पुन्हा आरडाओरडा झाला असता, आणि नुकतं कुठे घर शांत झालं होतं. तिने वर येऊन सांगितलं होतं, "काही नाही, जेवायला कधी बसायचं विचारतात."

तिने हे सगळं त्याला सांगितलं. थोरला म्हणाला, "त्याला वाटलं असेल, मला कळूनही मी..." वाक्य अर्धंच सोडून तो उठला. म्हणाला, "त्याला सांग. मी नाही सांगणार. तुझं तू सांग."

ती जिना उतरली. धाकटा बाकावर बसला होता. गुडघ्यांत फळी धरून डाव्या हाताने रंधा लोटायचा प्रयत्न करत होता. रंधा अडत होता, लाकडाचे तुकडे निघत होते. तिला बघून तो म्हणाला, "काय म्हणतात ते?"

"ते काही म्हणत नाहीत, भावजी. मी म्हणतेय."

तिने सगळं सांगितलं, दगडासकट. काही गाळलं नाही. स्वतःला सोयीचं वाटावं असंही काही घातलं नाही. तो ऐकताना रंध्यावरचा भुसा अंगठ्याने पुसत होता. शेवटी त्याने विचारलं, "म्हणजे त्यांना कधी कळलंच नाही?"

"नाही."

"मी वाट बघितली होती, वहिनी. बरेच दिवस. मग सोडून दिली."

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा त्याने डावा हात वर केला. तुम्ही आता बोलू नका, एवढाच त्याचा अर्थ. "तुम्ही वर जा. आणि त्यांना जरा खाली..." तो थांबला. "नको. राहू द्या. मी मारतो हाक."

ती जिन्याच्या मध्यावर पोचली असेल तेव्हा खालून त्याची हाक आली, "दादा!" वरून थोरला उतरला. जिना अरुंद होता. तिला भिंतीला चिकटून त्याला वाट द्यावी लागली. तो तिच्याकडे न बघता खाली गेला. खाली दोघे काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही, आणि कुणी येऊन सांगितलंही नाही.