दोन हाका

निरुपमाला अर्धशिशीचा त्रास कॉलेजात असल्यापासूनचा. डोकं उठायच्या आधी तिला एक स्वप्न पडे, तेही ठरलेलं. ती गच्चीवर उभी आहे, उन्हाच्या कडा काचेसारख्या लखलखताहेत, खालून बाबा "निरू, निरू" अशा हाका मारताहेत आणि तिला जिना काही सापडत नाही. दचकून जागी झाली की डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू झालेला असायचा.

आई होती तोवर हे स्वप्न पडलं की ती घाबरून जायची. "तुझ्या बाबांच्या जिवावरचं काहीतरी आहे," म्हणायची आणि देवापुढे बसून राहायची. आई गेली तरी ती भीती निरुपमाच्या मनात घर करून राहिली. लग्न तिने केलं नव्हतं. शाळेत गणित शिकवायची आणि शहराच्या अकोटा भागातल्या तळमजल्यावरच्या घरात बाबांबरोबर राहायची. दत्तात्रेयबाबांना ब्याऐंशी पूर्ण झाली होती. संस्कृत शिकवून निवृत्त झालेला ताठ कण्याचा माणूस.

शेवटी फतेगंजातल्या डॉक्टर पटवांनी तिची भीती घालवली. "निरुपमाबेन, सपनाला घाबरायचं नाही," ते त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले. "डोकं झोपेतच चढायला लागतं, तेच सपनात दिसतं. उठल्याबरोबर गोळी घ्यायची, अंधार करायचा, अने बिलकुल हलायचं नाही."

तिला केवढं हलकं वाटलं! घरी येऊन तिने बाबांनाही सांगितलं. ते हसले. "म्हणजे इतकी वर्षं मी उगाचच मरत होतो म्हणायचं."

चैत्रातल्या एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून ती जेवली आणि आडवी झाली. स्वप्न पडलं. जाग आली ती ठणक्यासकटच. तिने गोळी घेतली, पडदे ओढले, कपाळाला ओढणी करकचून बांधली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तेवढ्यात "निरू" अशी हाक आली.

स्वप्न अजून उतरलेलं नाही, असं तिला वाटलं. असं पूर्वीही व्हायचं, जागेपणीही ती हाक कानात रेंगाळायची. थोड्या वेळाने पुन्हा एकदा, जरा बारीक आवाजात, "निरू." तिने उशी कानावर दाबली. उठावं, असं एकदा मनात आलं. पण मान उचलताच ठणका वाढला आणि ती परत पडली. पुढे गोळीने तिला झोप लागली.

साडेपाचला शेजारच्या शारदाबेननी दार वाजवलं. "निरुबेन, तुमच्या बाथरूमचं पाणी बाहेर आंगणात येतं छे."

बाबा बाथरूममध्ये पडले होते. नळ चालू होता, उजवं अंग लुळं पडलेलं, धोतर भिजून अंगाला चिकटलेलं. श्वास चालू होता.

दवाखान्यात सांगितलं, मेंदूतली रक्ताची नळी तुंबली. दोन तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडले. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द लडबडत होते. निरुपमाने कान त्यांच्या ओठांशी नेला.

"बाबा, तुम्ही हाक मारली होती?"

"दोनदाच," ते म्हणाले. मग बराच वेळ दम खाऊन, "तुझं डोकं... दुखत होतं ना."

मंगळवारी पहाटे ते गेले.

पुण्याहून धाकटा भाऊ जनार्दन आला. तेरावा झाला, माणसं पांगली. दुपारी दोघं चहा घेत बसली असताना त्याने विचारलंच. "ताई, तू घरातच होतीस. बाबांनी हाक कशी मारली नाही?"

नाही म्हणणं सोपं होतं. ते खरं मानायला तो तयारच बसला होता.

"मारली. दोनदा. मला ऐकू आली," निरुपमा म्हणाली. "मला वाटलं, स्वप्नातलीच."

जनार्दनने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हे माझ्याशिवाय कुणाला सांगू नकोस."

"शारदाबेनना सांगितलंय. डॉक्टर पटवांनाही."

"का पण?"

तिने दोन्ही कप उचलले. तो उठला, आतून बॅग घेऊन आला आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली नसतानाही रिक्षा बोलवायला बाहेर पडला. ती दारापर्यंत गेली. त्याने वाकून नमस्कार केला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.